कोरलेला भोपळा आपल्या दमट हवेत कसा टिकवायचा?



ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर हल्ली एक निरोप येऊ लागलाय : ३१ तारखेला हॅलोविन आहे, मुलांनी भोपळा कोरून आणावा. मग बाजारात तांबड्या भोपळ्याची शोधाशोध होते. आई-बाबा रात्री बसून डोळे, नाक आणि दातांचं तोंड कोरतात. मूल खूश होतं. दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या डोळ्यांच्या कडा ओलसर, बुळबुळीत होतात. तिसऱ्या दिवशी आतून पांढरी-काळी बुरशी डोकावते, तोंड आत बसतं आणि चिलटं घोंगावू लागतात. मूल विचारतं, "व्हिडिओतला भोपळा तर कितीतरी दिवस तसाच होता, आपलाच का सडला?"

हॅलोविन आपल्या शाळांत असावं की नसावं, हा वाद इथे नको. मुलाच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यात विज्ञानाचा एक अख्खा पाठ दडलाय. थोडक्यात सांगायचं तर भोपळ्याला त्याची साल टिकवते. आपण ती कापली की रत्नागिरीच्या हवेत आपल्या हातात दिवस उरतात, आठवडे नाही. ते दिवस दोनाचे चार-पाच कसे करायचे, आणि त्याहून जास्त हवे असतील तर कुठली वेगळी वाट धरायची, ते आता पाहू.

थोडं मूळ

हॅलोविनचा कोरलेला दिवा मुळात भोपळ्याचा नव्हता. आयर्लंड-स्कॉटलंडकडे लोक सलगम, बीट अशी कंदमुळं कोरून त्यांत दिवा ठेवत. तिथली माणसं अमेरिकेत जाऊन वसली. तिथे भोपळे मोठे, आतून पोकळ आणि कोरायला सोपे होते, म्हणून सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. तांबडा भोपळा मूळचा अमेरिका खंडातलाच आहे. मिरची, बटाटा आणि आपला काजू जसा समुद्रापलीकडून आला, तसा हाही आला आणि घारग्यांत, भाजीत असा मिसळून गेला की तो परका आहे असं कुणाला वाटतही नाही. दुधी आणि कोहळा मात्र आपल्याकडे फार जुने.

या गोष्टीत हवामानाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. ही प्रथा थंड मुलखात वाढली. तिकडे ऑक्टोबर संपताना बाहेरचं तापमान बऱ्याच ठिकाणी १० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे भोपळा दाराबाहेर ठेवला, तरी तो जवळजवळ फ्रीजमध्येच ठेवल्यासारखा असतो.

अखंड भोपळा इतका का टिकतो?

मुलांना आधी हा प्रश्न विचारा. कोकणातल्या जुन्या घरांत भोपळे आणि मोठ्या पिकलेल्या काकड्या सुंभाने बांधून वाशाला टांगलेल्या असतात, किंवा माळ्यावर ठेवलेल्या असतात. त्या कित्येक महिने टिकतात. नव्या घराच्या किंवा दुकानाच्या दारावर दृष्ट लागू नये म्हणून कोहळा बांधतात. तोही ऊन, दमट वारा आणि धूळ सोसत महिनोन् महिने लटकत राहतो. हवा तीच आणि ऊनही तेच. मग कोरलेला भोपळाच तीन दिवसांत का बसतो?

उत्तर सालीत आहे. पक्व भोपळ्याची साल कडक असते आणि तिच्यावर मेणासारखा पातळ थर असतो. कोहळ्यावर हाताला लागणारी पांढरी भुकटी म्हणजे हेच मेण. हा थर आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची बुरशी व जिवाणू आत येऊ देत नाही. भोपळ्याच्या गरात साधारण ९० टक्के पाणी असतं, शिवाय साखर आणि पिष्टही असतं. बुरशीसाठी हे पंचपक्वान्नांचं ताट आहे, पण दार बंद आहे.

टांगण्यालाही कारण आहे. टांगलेल्या फळाला चारी बाजूंनी वारा लागतो, ओल्या जमिनीचा ओलावा लागत नाही आणि वजन एकाच जागी पडून तिथे डाग पडत नाही. आपल्या आजी-पणजींनी "साठवणुकीचं तंत्र" असा शब्द कधी वापरला नसेल, पण तंत्र अचूक होतं.

कापल्यावर नेमकं काय होतं?

विळ्या-भोपळ्याचं नातं आपण वैरासाठी सांगतो, ते उगीच नाही. सुरी आत गेली की तीन गोष्टी एकदम घडतात.

पहिली, दार उघडतं. बुरशीचे बीजाणू हवेत, हातावर, सुरीवर, सगळीकडे असतात. ते थेट ओल्या गरावर जाऊन बसतात.

दुसरी, कापलेल्या पेशींतला गोड रस बाहेर येतो. तो भोपळ्याच्या तळाशी साचतो आणि कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

तिसरी, जिवाणू आणि बुरशी आपली विकरं सोडून पेक्टिन तोडू लागतात. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा पदार्थ म्हणजे पेक्टिन. जॅम-जेली घट्ट होते तीही याच्यामुळे. पेक्टिन तुटलं की गर मऊ पडतो आणि स्वतःचं वजन पेलेनासा होतो. मुलं म्हणतात ना, "भोपळ्याचं तोंड बसलं", ते हेच.

आता यात आपली हवा मिसळा. पाऊस ओसरलेला असतो, पण ऑक्टोबरचा उकाडा सुरू असतो. रत्नागिरीत दुपारी पारा ३२-३३ अंशांच्या घरात जातो आणि समुद्राकडून येणारी हवा दमट असते. विज्ञानात एक ढोबळ नियम सांगतात : तापमान १० अंशांनी वाढलं की अशा जैविक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. वर्गात हे गणित फळ्यावर मांडा. १२ अंशांना एखादी वस्तू ८ दिवस टिकत असेल, तर २२ अंशांना ४ दिवस आणि ३२ अंशांना २ दिवस. भोपळा हे गणित काटेकोर पाळत नाही, पण "आपलाच का सडला?" याचं निम्मं उत्तर यातच आहे. उरलेलं निम्मं उत्तर दमटपणात आहे. कोरड्या हवेत कापलेली कड पटकन वाळते आणि वाळलेल्या पृष्ठभागावर बुरशीला पाय रोवता येत नाही. आपल्याकडे कड वाळतच नाही.

व्हिडिओतल्या युक्त्या इथे का फसतात?

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले थंड-कोरड्या हवेतल्या लोकांनी दिलेले असतात. त्यांचा भोपळा आधी सुकतो आणि सुरकुततो. आपला आधी कुजतो. दुखणं वेगळं, तर औषधही वेगळं हवं.

कापलेल्या कडांना पेट्रोलियम जेली लावा, असं सांगतात. ती पाणी आत धरून ठेवते, म्हणून सुकण्यावर ती बरी. ओल्या, न पुसलेल्या गरावर ती लावली, तर मात्र आपण ओलावा आणि बीजाणू दोन्ही आत कोंडून ठेवतो. लावायचीच असेल तर कड पूर्ण कोरडी झाल्यावर, अगदी पातळ बोट फिरवा.

सुकलेला भोपळा रोज थंड पाण्यात बुडवून ताजा करा, असंही सांगतात. आपल्याकडे त्याला आणखी पाणी पाजायची काहीच गरज नाही.

मिठाचं काय? आंबोशी आणि मिठातले आंबे बघत वाढलेल्या मुलांना हे लगेच सुचतं, आणि विचार बरोबर आहे. मीठ गरातलं पाणी ओढून घेतं. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंही पाणी ओढू लागतं. पावसाळ्यात आपल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. म्हणून मीठ चोळून तसंच ठेवलं, तर आत खारं पाणी साचतं. मीठ चोळा, तासाभराने सुटलेलं पाणी ओतून द्या आणि आतून कोरडं पुसून घ्या. मग त्याचा उपयोग होतो.

आपल्या हवेत काय करायचं?

१. उशिरा कापा. सगळ्यात मोठा उपाय हाच आणि तो फुकटचा आहे. भोपळा आठवडाभर आधी आणा, पण कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी कोरा. तोपर्यंत तो अखंडच राहू द्या, हवेशीर जागी, गोणपाटावर किंवा जाळीवर.

२. भोपळा पारखून घ्या. साल इतकी कडक हवी की नख रुतू नये. देठ वाळलेला, लाकडासारखा आणि शाबूत असावा. तळाला मऊ डाग, ओरखडा किंवा भोक नको. देठाला धरून उचलू नका, देठ मोडला की तिथूनच कुज सुरू होते. बाजारात अर्धा कापून ठेवलेला भोपळा स्वस्त मिळाला तरी या कामाला नको.

३. आधी बाहेरून धुवा आणि पुसा. सालीवरची माती म्हणजे बीजाणूंची वसाहत. सुरी, चमचा आणि हातही साबणाने धुवा.

४. झाकण वर न कापता तळाला भोक पाडा. वरून कापलं की रस तळाशी साचतो. तळ उघडा असेल तर रस निथळून जातो आणि दिव्यावर भोपळा नुसता पालथा घालता येतो.

५. आतून लख्ख खरवडा. बिया आणि तंतू एकही राहता कामा नये, कारण बुरशी आधी तिथेच धरते. आपल्याकडचे भोपळे खाण्यासाठीचे, जाड गराचे असतात. भिंत साधारण २ ते २.५ सेंटीमीटर उरेपर्यंत खरवडा. त्याहून पातळ केली तर ती ढासळते, जाड ठेवली तर ओलावा फार राहतो.

६. निर्जंतुक करा. कपड्यांसाठी मिळणारं द्रव ब्लीच, एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा, या प्रमाणात घेऊन आतून आणि कापलेल्या कडांवर फवारा. हे काम मोठ्यांनी, हातमोजे घालून, उघड्या जागी करायचं. ब्लीच नको असेल तर पांढरं व्हिनेगर पुसा. त्याचा असर कमी असतो, पण काहीच न करण्यापेक्षा बरा. दोन्ही एकत्र कधीही वापरू नका. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

७. वाळवा. तळाचं भोक खाली करून जाळीवर ठेवा आणि टेबल फॅन समोर लावा. दोन-तीन तासांत कडा हाताला कोरड्या लागायला हव्यात. आमच्या मते घाईत सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच.

८. मेणबत्ती नको. ज्योतीने भोपळा आतून अर्धवट शिजतो आणि शिजलेला गर लवकर कुजतो. बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवा वापरा. शाळेत मुलांच्या कपड्यांना आग लागण्याची भीतीही उरत नाही.

९. रात्री फ्रीजमध्ये. आत कागद भरून भोपळा सैल पिशवीत ठेवा आणि सकाळी ओला झालेला कागद बदला. मावत नसेल तर पंख्याखाली ठेवा. गच्चीवर किंवा पडवीत ठेवला तर उंदीर-घुशींचं जेवण होईल.

हे सगळं केलं तर दोन दिवसांत बसणारा भोपळा साधारण चार-पाच दिवस तग धरतो. त्याहून जास्तीची आशा मुलाला दाखवू नका.

आणि हो, बुरशी दिसली की भोपळा घराबाहेर. बुरशीचे बीजाणू दम्याच्या किंवा अॅलर्जीच्या मुलांना त्रास देतात. दिवाळीची सुट्टी कधी हॅलोविनच्या आगेमागे येते. कोरलेला भोपळा बंद वर्गात ठेवून सुट्टीवर जाऊ नका. परत आल्यावर दार उघडणाऱ्या शिपाईकाकांचा विचार करा.

गराचं काय?

तीस मुलांनी तीस भोपळे आणले आणि तिसऱ्या दिवशी ते कचऱ्यात गेले, तर आपण मुलांना काय शिकवलं? वर्गाला एक भोपळा पुरतो. कोरताना निघालेला गर मीठ-ब्लीच लागायच्या आधीच वेगळ्या पातेल्यात काढा. त्याच दिवशी त्याचे घारगे, भाजी किंवा भरीत करा. बिया धुऊन, वाळवून, भाजून मुलांना खायला द्या. फवारलेला किंवा दोन दिवस मांडून ठेवलेला भोपळा मात्र खायचा नाही, गुरांनाही घालायचा नाही. ज्यावर काही फवारलेलं नाही, तो तुकडे करून माडाच्या आळ्यात पुरला तरी चालेल.

आठवडाभर हवा असेल तर कापूच नका

प्रदर्शन आठवडाभर चालणार असेल तर अखंड भोपळ्यावर रंगाने किंवा खडूने चेहरा काढा. काळा कागद कापून चिकटवा. साल शाबूत, म्हणून भोपळा शाबूत. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हातात सुरी द्यावी लागत नाही, हा आणखी फायदा. प्रदर्शन संपलं की रंग न लागलेला भोपळा धुऊन, सोलून स्वयंपाकात वापरता येतो.

आणि वर्षानुवर्षं टिकणारा कोरीव भोपळा हवा असेल तर? तोही आपल्याच महाराष्ट्रात आहे. मिरजेचे सतार आणि तंबोरे बनवणारे कारागीर जो भोपळा वापरतात, तो सोलापूर जिल्ह्यात पंढरपूरच्या परिसरात पिकतो. तो दुधीच्या जातीचा, मोठा, कडक सालीचा असतो. पूर्ण पक्व झाल्यावर तो अखंडच वाळवतात. आतलं सगळं पाणी गेलं की साल लाकडासारखी होते. मग तो कापतात आणि घडवतात. तंबोऱ्याचा तो भोपळा अनेक वर्षं गातो. बस्तरचे कारागीर असेच वाळलेले तुंबे तापलेल्या सुरीने कोरून त्यांचे दिवे आणि भांडी करतात. पूर्वी विहिरीत पोहायला शिकताना मुलांच्या पाठीला वाळका भोपळा बांधत, तोही हाच.

फरक लक्षात आला का? आपण ओला भोपळा आधी कापतो आणि मग वाळवायची धडपड करतो. कारागीर आधी वाळवतो, मग कापतो. क्रम उलटा केला की दिवसांची वर्षं होतात. शाळेच्या परसबागेत पावसाच्या तोंडावर तुंब्याचा वेल लावा. फळं वेलावरच पिकू द्या, मग हवेशीर जागी टांगून वाळवा. याला काही महिने लागतात. फळ हलवलं की आत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे ते तयार झालं. एक सूचना : कडू तुंबा किंवा कडू लागणारा दुधी मुळीच खायचा नाही, तो विषारी असतो. मुलांना हे आधीच बजावा.

वर्गात करून बघा

परिसर अभ्यासात अन्न टिकवण्याचा पाठ येतो, तेव्हा हा प्रयोग जोडून घ्या. एका भोपळ्याचे साधारण सारख्या वजनाचे चार तुकडे करा आणि एक छोटा अखंड भोपळा किंवा कोहळा घ्या.

- तुकडा १ : तसाच, झाकणाच्या पारदर्शक डब्यात.
- तुकडा २ : मीठ चोळून, पाणी ओतून, पुसून, तसल्याच डब्यात.
- तुकडा ३ : पातळ कापट्या करून, जाळीखाली उन्हात.
- तुकडा ४ : डब्यात, फ्रीजमध्ये.
- अखंड फळ : वर्गाच्या खिडकीत.

पाच दिवस रोज एकाच वेळी बघा. तक्त्यात रंग, ओलावा, बुरशी आहे की नाही, आणि उन्हातल्या कापट्यांचं व अखंड फळाचं वजन लिहा. बुरशी धरलेला डबा उघडायचा नाही, बाहेरूनच बघायचं आणि शेवटी न उघडता टाकून द्यायचा. डब्याच्या आत जमलेले पाण्याचे थेंब मुलांना दाखवा. ते पाणी कुठून आलं, हे त्यांनाच शोधू द्या.

मग विचारा :

१. कापट्यांचं वजन इतकं का घटलं आणि अखंड फळाचं का नाही?
२. आमसुलं, फणसाचे गरे, सुकी मासळी, कोहळ्याचे सांडगे यांत आपण पाणी, हवा आणि उष्णता यांपैकी कशाला अडवतो?
३. हाच प्रयोग मे महिन्यात सोलापुरात केला, तर काय वेगळं दिसेल?
४. गोष्टीतली म्हातारी भोपळ्यात बसून लेकीच्या घरून जंगलातून परत आली. तो भोपळा ओला असेल की वाळका? कशावरून?

चौथ्या प्रश्नावर वर्गात भरपूर भांडण होईल. होऊ द्या. दोन्ही बाजूंना पुरावे द्यायला सांगा. "वाळका असणार, नाहीतर तिला आत बुळबुळीत लागलं असतं," असं कुणी म्हटलं तर समजा, पाठ पोचला.